सुनील आणि सोनल एकच सभासद कसे झाले: एका पतसंस्थेच्या यादीचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी मुख्य कार्यालय आणि आसपासच्या बाजारगावांत शाखा असलेली ही सहकारी पतसंस्था. संस्थेचं, सॉफ्टवेअर करणाऱ्यांचं आणि इतर कुणाचंही नाव इथे दिलेलं नाही. सभासदांची नावं बदलली आहेत, पण बदलतानाही घोटाळा जसाच्या तसा दिसेल अशी निवडली आहेत.

संस्थेचं जुनं सॉफ्टवेअर युनिकोडच्या (प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक प्रमाणाच्या) आधीच्या वळणाचं होतं. फॉन्ट बदलला की नावांच्या जागी रोमन अक्षरांची गिचमीड दिसायची. नव्या प्रणालीत जाताना ही सगळी यादी एका कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणली गेली. त्याच वेळी आणखी एक काम हाती घेतलं होतं. एकच माणूस दोन-तीन शाखांत वेगवेगळ्या क्रमांकांनी सभासद झालेला असायचा, तर अशा नोंदी शोधून प्रत्येकाला एकच सभासद क्रमांक द्यायचा होता.

यासाठी पायथन या संगणकभाषेत एक छोटी स्क्रिप्ट लिहिली गेली. ती प्रत्येक नावापासून एक ‘जुळणी-किल्ली’ तयार करायची. आधी श्री., सौ., कै., कु., डॉ. या उपाध्या काढायच्या, मग टिंबं, स्वल्पविराम, कंस झटकायचे, जास्तीच्या मोकळ्या जागा कमी करायच्या. दोन नोंदींची किल्ली आणि गाव जुळलं, आणि जन्मतारखा एकमेकींना खोटं पाडत नसल्या, की नोंदी आपोआप एकत्र व्हायच्या. जुन्या नोंदींत जन्मतारीख क्वचितच होती, त्यामुळे ही शेवटची अट बहुतेक वेळा नसल्यासारखीच होती. किल्ली फक्त आतल्या वापरासाठी असल्याने ती कुठल्याही पडद्यावर दिसत नव्हती.

तपासणीचं काम माझ्याकडे आलं ते घोटाळा उघड झाल्यावर.

अडचण

लाभांश जमा झाल्यानंतर एका शाखेत सोनल नावाच्या सभासद पासबुक भरून घ्यायला आल्या. काउंटरवरच्या लिपिक मॅडमना त्यांचं खातं सापडेना. सापडलं ते भावाच्या नावाखाली.

“ताई, तुमचे शेअर सुनील मारुती पवार यांच्या क्रमांकात दिसताहेत. एकत्र करायचा अर्ज तुम्ही दिला होता का?”

“नाही हो मॅडम. दादाचं वेगळं, माझं वेगळं. बाबांनीच दोघांचे वेगवेगळे काढले होते.”

लिपिक मॅडमनी तक्रार वर पाठवली आणि तिथेच थांबल्या नाहीत. आय नमुन्यातली सभासद नोंदवही काढून त्यांनी नव्या यादीशी ताडून पाहायला सुरुवात केली. संगीता आणि सुगत ही दुसरी भावंडं सापडली. मग दोन चुलत जावा सापडल्या, एक कमला आणि एक कोमल, दोघींच्याही नवऱ्याचं नाव एकच. या जोड्या त्यांनी एका कागदावर एकाखाली एक लिहिल्या आणि बाजूला लिहिलं: “काना-मात्रा काढल्या तर नाव एकच होतं.” तो कागद पुढे माझ्या हातात आला. निदान तिथेच झालेलं होतं. मला फक्त ते यंत्राच्या भाषेत सिद्ध करायचं होतं.

दुसऱ्या टोकाची तक्रारही होती. गोऱ्हे आडनावाच्या एका सभासदाच्या दोन शाखांतल्या नोंदी, नाव-गाव तंतोतंत तेच असून, एकत्र झाल्याच नव्हत्या. जे एकत्र व्हायला नको होतं ते झालं, आणि जे व्हायला हवं होतं ते राहिलं.

मूळ कारण

नाव साफ करणारी ओळ अगदी साधी होती: शब्दातलं अक्षर नाही आणि मोकळी जागाही नाही, असं जे काही असेल ते काढून टाका. ‘शब्दातलं अक्षर’ यासाठी रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरात काय शोधायचं त्याचा नमुना (पॅटर्न) लिहिण्याच्या पद्धतीत, बॅकस्लॅश डब्ल्यू ही खूण वापरतात. प्रश्न असा की या खुणेत नेमकं काय काय येतं?

युनिकोडमध्ये ‘नी’ हे एक चिन्ह नाही. ‘न’ वेगळा आणि त्याची दुसरी वेलांटी वेगळी, अशी दोन चिन्हं एकापाठोपाठ साठवलेली असतात. ‘न’ हा युनिकोडच्या एल म्हणजे अक्षर या वर्गात आहे. वेलांटी, उकार, काना, मात्रा, अनुस्वार, हलंत हे सगळे एम म्हणजे जोडचिन्ह या वर्गात आहेत. पायथनचं यासाठीचं अंगभूत मोड्यूल बॅकस्लॅश डब्ल्यूमध्ये अक्षरं, अंक आणि अधोरेखा धरतं, जोडचिन्हं धरत नाही. म्हणून ‘मराठी’ या शब्दातून त्याला ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे मिळतात. आपल्या यादीत काय झालं ते पाहा:

सुनील मारुती पवार → सनल मरत पवर
सोनल मारुती पवार → सनल मरत पवर

संगीता आणि सुगत या दोघांचंही ‘सगत’ झालं. कमला, कोमल आणि कमल या तिन्ही नावांचं ‘कमल’ झालं.

युनिकोडचं रेग्युलर एक्स्प्रेशनविषयीचं तांत्रिक मानक, क्रमांक १८, स्पष्ट सांगतं की या खुणेत जोडचिन्हं आणि जोडणारी अदृश्य चिन्हंसुद्धा धरावीत. रोमनेतर लिपींसाठी ही खूण निरुपयोगी ठरते, ही तक्रार पायथनच्या बग-नोंदींत २००७ पासून आहे. जावास्क्रिप्ट या दुसऱ्या संगणकभाषेत तर हीच खूण फक्त रोमन अक्षरं, 0 ते 9 हे इंग्रजी अंक आणि अधोरेखा ओळखते. जावा या तिसऱ्या भाषेतही मूळ वागणं तसंच आहे, सातव्या आवृत्तीपासून एक वेगळा फ्लॅग, म्हणजे जादा सूचना, देऊन ते बदलता येतं. या संस्थेचा नोंदणी-अर्ज जावास्क्रिप्टमध्ये, पासबुक छापणारा भाग जावात आणि यादीची आयात पायथनमध्ये होती. एकाच खुणेचे तीन ठिकाणी दोन अर्थ होत होते, आणि यातला एकही अर्थ मराठी नावाला पुरा पडत नव्हता.

उपाध्या काढणारी ओळ याहून वाईट निघाली. तिथे शब्दाची सीमा दाखवणारी बॅकस्लॅश बी ही खूण होती. ही सीमा बॅकस्लॅश डब्ल्यूवरूनच ठरते: एका बाजूला ‘अक्षर’ आणि दुसऱ्या बाजूला ‘अक्षर नसलेलं’ काहीतरी असेल तिथे सीमा. आता ‘श्री.’ घ्या. शेवटची वेलांटी ‘अक्षर नाही’, पुढचं टिंबही ‘अक्षर नाही’. म्हणजे मध्ये सीमा नाही, आणि ‘श्री.’ जागच्या जागी राहिलं. ‘श्रीधर’ मध्ये मात्र वेलांटीनंतर ‘ध’ येतो, म्हणून तिथे सीमा सापडली आणि श्रीधरचा ‘धर’ झाला. तसाच कैलासचा ‘लास’, सौरभचा ‘रभ’ आणि कुसुमचं ‘सुम’ झालं. जिथे उपाधी होती तिथे ती राहिली आणि जिथे ते नावाचंच अंग होतं तिथे ते कापलं गेलं. इतका उलटा परिणाम मी दुसऱ्या कुठल्या कामात पाहिलेला नाही.

गोऱ्ह्यांचं कारण वेगळं. कन्व्हर्टरने त्यांच्या नावातला ‘ऱ्’ हा साधा र, हलंत आणि त्यामागे झीरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह असा लिहिला होता. दुसऱ्या शाखेत मोबाइलच्या कीबोर्डवरून नाव टाकलं तेव्हा तिथे ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलंत उमटलं. पडद्यावर गोर्‍हे आणि गोऱ्हे सारखेच दिसतात. किल्ली मात्र एकाची ‘गरह’ झाली आणि दुसऱ्याची ‘गऱह’.

आणि चाचण्या? त्या सगळ्या पास होत्या. चाचणीसाठी घेतलेली नावं होती ‘अजय मदन भगत’ आणि ‘कमल गणपत भगत’. पटकन टाइप होतात म्हणून बिनमात्रांची नावं घेतली गेली आणि नेमकी तीच या पॅटर्नमधून सुखरूप बाहेर पडतात. उपाध्यांच्या पायरीला तर चाचणीच नव्हती.

पहिला निर्णय: आधी थांबवायचं की आधी दुरुस्त करायचं

सॉफ्टवेअर करणाऱ्यांचं म्हणणं होतं की पॅटर्न दुरुस्त करून आयात पुन्हा चालवू. मला ते धोक्याचं वाटलं. प्रणाली सुरू झाली होती, एकत्र झालेल्या क्रमांकांवर भरणा आणि उचल झालेली होती. सगळी यादी पुन्हा आणली असती तर मधले व्यवहार कुणाच्या खात्यावर टाकायचे हा नवा प्रश्न उभा राहिला असता.

शेवटी आपोआप एकत्र झालेल्या सगळ्या नोंदींवर खूण करून त्या गोठवल्या. व्यवहार चालू ठेवले, पण त्या क्रमांकांवरची प्रत्येक उचल शाखा व्यवस्थापकांच्या मान्यतेनेच करायची असं ठरलं. हे जमलं ते सॉफ्टवेअर करणाऱ्यांच्या चमूतल्या एका नव्या मुलीमुळे. कन्व्हर्टरमधून बाहेर आलेली मूळ फाइल तिने हात न लावता बाजूला ठेवली होती आणि कुठली नोंद कुठल्या नोंदीत मिळाली याचा तक्ताही राखला होता. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं.

पॅटर्नसाठी तोललेले पर्याय

साफसफाईच बंद करायची आणि नावं जशी आहेत तशी ताडायची, हा पहिला पर्याय. तो लगेच बाद झाला. कुठे ‘सौ.’, कुठे ‘सौ’, कुठे कंसात ‘अज्ञान’, कुठे दोन शब्दांत तीन मोकळ्या जागा, अशा यादीत मग काहीच जुळलं नसतं.

दुसरा पर्याय देवनागरीची व्याप्ती हाताने लिहिण्याचा. बैठकीत एकाने फळ्यावर [क-ळ] असं लिहिलं, म्हणजे क पासून ळ पर्यंतचं काहीही. शाळेत शिकलेल्या क्रमाने ते बरोबर वाटतं, कारण आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो. युनिकोडमध्ये मात्र ळ हा ल च्या लगेच पुढे आणि व च्या आधी आहे. म्हणजे या व्याप्तीतून व, श, ष, स, ह बाहेर पडतात, आणि वसंत, शशिकला, सविता, हणमंत ही सगळी मंडळी यादीतून जातात. दुसऱ्याने सुचवलेलं [अ-ज्ञ] त्याहून फसवं. ‘ज्ञ’ हे आपल्याला एक अक्षर, यंत्राला ज, हलंत आणि ञ अशी तीन चिन्हं. त्यामुळे त्या कंसाचा खरा अर्थ होतो: अ पासून ज पर्यंत काहीही, शिवाय हलंत, शिवाय ञ. झ पासून ह पर्यंत जवळजवळ सगळी मुळाक्षरं गेली, काना-मात्राही गेल्या. मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाने हे दोन कंस एकदा स्वतः चालवून पाहावेत.

देवनागरीचा युनिकोडमधला पूर्ण १२८ जागांचा ठोकळा घ्यायचा, हे बरंच जवळचं उत्तर होतं. अडचण अशी की त्यात दंड, अंक आणि लाघवचिन्हही येतं, आणि जॉइनर त्या ठोकळ्यात नाहीच. शिवाय यादीत काही नावं रोमन लिपीत होती.

नावं रोमनमध्ये लिप्यंतरित करून ताडायची, असा आग्रह एका संचालकांनी धरला. इतर ठिकाणी तसंच करतात, असं त्यांचं म्हणणं. मी ठाम विरोध केला. त, ट, न, ण, ल, ळ हे भेद तिथे बुजतात आणि आपण एका गोंधळातून निघून दुसऱ्यात जातो.

उरला तो पर्याय पायथनसाठी मिळणाऱ्या ‘रेजेक्स’ नावाच्या वेगळ्या पॅकेजचा. त्यात युनिकोडचे वर्ग थेट मागता येतात: एल वर्ग, एम वर्ग आणि मोकळी जागा राखा, बाकीचं काढा. त्याची बॅकस्लॅश डब्ल्यूसुद्धा मात्रांना शब्दातच धरते. हेच वर्ग २०१८ च्या मानकापासून जावास्क्रिप्टमध्ये यू फ्लॅग लावून मिळतात आणि जावातही मिळतात, त्यामुळे तिन्ही ठिकाणी एकच नियम लिहिणं शक्य होतं. बाहेरचं एक पॅकेज वाढतं याबद्दल थोडी कुरकुर झाली, पण निर्णय याच बाजूने गेला.

काय केलं

पॅटर्न बदलणं हे काम सर्वांत लहान होतं. त्याआधी नावं एका रूपात आणणं जास्त जिकिरीचं ठरलं.

पहिली पायरी युनिकोडच्या एनएफसी या प्रमाण रूपाची. र आणि नुक्ता (अक्षराखालचं टिंब) असं कुणी लिहिलं असेल तर त्याचा ऱ त्यात आपोआप होतो. पण र, हलंत, जॉइनर या जुन्या पद्धतीला एनएफसी हात लावत नाही, तो नियम आम्हालाच लिहावा लागला: ही तिन्ही चिन्हं लागोपाठ दिसली की त्यांच्या जागी ऱ आणि हलंत. उरलेले जॉइनर यानंतरच काढायचे. हा क्रम उलटा झाला तर गोऱ्हे यांचं ‘गोर्हे’ होतं, ह वर रफार चढतो आणि ते आडनावच राहत नाही.

यादी चाळताना अशी आणखी रूपं सापडली. ‘डॉ.’ ऐवजी ड, काना आणि वर वेगळी चंद्रकोर असं ‘डाॅ.’ लिहिलेलं. ‘आशा’ मध्ये आ ऐवजी अ आणि काना. ‘ॲड.’ कुठे ॲ या एका चिन्हाने, कुठे अ आणि चंद्रकोर अशा दोन चिन्हांनी. वाचणाऱ्याला फरक कळत नाही, एनएफसी यातलं काहीच एक करत नाही आणि पॅटर्नला ते सगळे वेगळे शब्द वाटतात. प्रत्येकासाठी एक-एक बदल-नियम लिहिला. काही ठिकाणी ‘नावः’ असा विसर्ग अपूर्णविरामाच्या जागी टाइप झाला होता. विसर्ग सरसकट काढणं मला पटलं नाही, म्हणून त्या नोंदी हाताने पाहिल्या.

उपाध्यांसाठी बॅकस्लॅश बी पूर्ण काढली. नवा नियम असा: उपाधी नावाच्या सुरुवातीलाच असली पाहिजे आणि तिच्यामागे टिंब असलंच पाहिजे. टिंब नसून नुसती मोकळी जागा असेल तर नोंद शंकेच्या यादीत जाते, कारण ‘श्री हरी’ हे सुटं लिहिलेलं नावही असू शकतं.

साफसफाईत जे चिन्ह काढलं जाईल त्याची मोजणी चिन्हागणिक लॉगमध्ये लिहायची, ही सोयही घातली. जुन्या स्क्रिप्टमध्ये ही एवढी एक गोष्ट असती तर पहिल्याच दिवशी काढलेल्या चिन्हांत ‘काना’ सर्वांत वर दिसला असता.

याच ओघात नोंदणी-अर्जातली नावाच्या लांबीची अट तपासली. तिथे वीस चिन्हांची मर्यादा होती. ‘ज्योत्स्ना’ हे कागदावर दोन अक्षरांचं नाव दहा चिन्हांचं असतं. मर्यादा वाढवली. दिसणाऱ्या अक्षरांवर मोजायचं का, असा विचार झाला, पण जोडाक्षर एक धरायचं की अनेक हे २०२३ च्या युनिकोड १५.१ मध्ये बदललं आहे. जुन्या-नव्या लायब्ररींचे आकडे त्यामुळे जुळत नाहीत. तो नाद सोडला.

दुसरा निर्णय: सभासदांना सांगायचं की नाही

व्यवस्थापकांना वाटत होतं की उलट नोंदी टाकून खाती सरळ करावीत, उगाच बोभाटा नको. लिपिक मॅडमनी यावर सरळ म्हटलं, “साहेब, पासबुकात उलट नोंद दिसणारच आहे. विचारायला आले की मग काय सांगू?” संचालक मंडळाने त्यांचं ऐकलं. ज्यांच्या नोंदी चुकून एकत्र झाल्या होत्या त्या प्रत्येकाला पत्र गेलं, त्यात चुकीची रक्कम आणि दुरुस्तीची तारीख दिली. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वांत चांगला निर्णय होता.

परिणाम

गोठवलेल्या नोंदी शाखेशाखेत आय नमुन्याशी ताडून वेगळ्या केल्या. सोनल यांचे शेअर आणि लाभांश त्यांच्या स्वतःच्या क्रमांकावर परत आले, गोऱ्ह्यांच्या दोन नोंदी एक झाल्या. नोंदी आपोआप एकत्र करणं कायमचं बंद झालं. आता स्क्रिप्ट फक्त जोड्या सुचवते, दोन्ही मूळ नावं आणि दोन्ही किल्ल्या शेजारी-शेजारी दाखवते, आणि ‘एकच’ की ‘वेगळे’ हे लिपिक ठरवतात. काम सावकाश होतं, पण किल्ली डोळ्यांसमोर असते.

‘पाटील’ आणि ‘पाटिल’, ‘दत्तात्रय’ आणि ‘दत्तात्रेय’ हे प्रश्न सुटलेले नाहीत. ते लिहिणाऱ्यांतले फरक आहेत, पॅटर्नने त्यात पडू नये असं मी सुचवलं आणि ते मान्य झालं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्याच आठवड्यात नोंदवहीतलं कुठलंही एक पान घेऊन त्यातली सगळी नावं स्क्रिप्टमधून काढली असती आणि किल्ल्या छापून लिपिक मॅडमसमोर ठेवल्या असत्या, तर ‘सनल मरत पवर’ वाचून त्यांनी काम तिथेच थांबवलं असतं. स्क्रिप्ट लिहिणारे मराठीच होते, लिपी त्यांना येत होती. पण आउटपुट वाचायची वेळच कुणावर आली नाही.

नोंदी एकत्र करण्याचं काम प्रणाली सुरू होण्याआधी न करता नंतर, सवडीने करता आलं असतं. दोन क्रमांक असलेला सभासद महिनाभर तसाच राहिला तरी कुणाचं बिघडत नव्हतं. आणि जन्मतारीख नसेल तेव्हा ‘विरोध नाही’ म्हणजे ‘जुळलं’ असं धरायला नको होतं. पॅटर्न अगदी बिनचूक असता तरीही ही अट कधीतरी दोन वेगळ्या माणसांना एक करून बसली असती.

चाचणीसाठी आता एक कायमची नावांची यादी आहे: सुनील, सोनल, संगीता, सुगत, श्रीधर, कैलास, सौरभ, कुसुम, ज्योत्स्ना, दोन्ही रूपांतले गोऱ्हे, दोन्ही रूपांतली आशा, ॲड. आणि डॉ. यांची प्रत्येकी दोन रूपं, विसर्गासाठी दुःखहरण. अजय मदन भगत हेही त्यात ठेवले आहेत.